नकाशावरचं हिरवंगार जत

आमची कंपनी एकतीस देशांत पंप विकते. या एकतीसही देशांतल्या माणसांना एकाच सॉफ्टवेअरमध्ये कोंबायचं, हे कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं. कुठल्या गिऱ्हाइकाला कधी भेटलात, ते काय म्हणालं, पंप घेणार की नाही, सगळं मोबाईलवर भरायचं. सातारा-सांगलीच्या अकरा विक्रेत्यांना हे शिकवायला मला, म्हणजे वडूजच्या क्रांतीला, वर्षाच्या करारावर घेतलं. अकराच्या अकरा वापरायला लागले तर नोकरी कायम, नाहीतर घरी.

दहा जण महिन्याभरात वळणावर आले. राहिले आकारामतात्या. तीस वर्षं जत तालुका पालथा घातलेला माणूस. गिऱ्हाइकाच्या जावयाचं गाव, म्हशीचं कितवं वेत, सगळं तोंडपाठ. पण मोबाईल काढा म्हटलं की चष्मा घरी विसरलेला. शेवटी तीन आठवडे त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसून हिंडले, बांधावर बसून शिकवलं. तात्या शिकले, आणि असे शिकले की थांबेचनात.

तिमाहीच्या बैठकीला सांगलीच्या ऑफिसात पडद्यावर जगाचा नकाशा लागला. जिथं विक्रीची शक्यता जास्त, तिथं हिरवा रंग. ब्राझील फिकट, जर्मनी पिवळी, आणि टँकरवर जगणारं आमचं जत हिरवंगार! चारशे बारा गिऱ्हाइकं 'घेण्याच्या तयारीत'.

पुण्याहून आलेले देवदत्त सर हरखून गेले होते. "सगळे शंभर टक्के वापरतायत, असं मी सकाळीच वर कळवलंय. परदेशातले साहेब विचारतायत, जतला हे जमवलं कसं? चारशे पंप पुढच्या आठवड्यात निघतायत."

मी उठले. तात्यांना बाहेर ओढलं.

"तात्या, चारशे बारा जण घेतो म्हणाले?"

"घेतो कोण म्हणतंय? पण न्हाई बी कोण म्हणलं न्हाई की."

"मग काय म्हणाले?"

"ज्वारी निघू द्या. पोरीचं लगीन हुंद्या. च्या पाजला, भाकरी खाऊन जावा म्हणले. आवं मॅडम, दारात आलेल्या माणसाला तोंडावर न्हाई म्हणायची आपल्यात रीत हाय का? तुमी वडूजच्या, तुमास्नी सांगाय पायजे व्हय?"

नव्हतंच सांगायला पाहिजे. माझ्या वडिलांनी एका विमा एजंटाला नऊ वर्षं चहावर झुलवलंय. आणि तरी शहाणी मी, तात्यांना सांगून बसले होते, "स्पष्ट नाही म्हणाला तरच लाल बटण दाबा, नाहीतर हिरवं." आता गप्प बसले तर नोकरी कायम, आणि चारशे पंप गोदामात गंजत. लय राग आला स्वतःचा. आत जाऊन सगळं सांगून टाकलं.

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. "चूक तुझ्या शिकवण्यातली आहे, क्रांती. तसंही आता सगळ्यांना येतंय, तेव्हा पुढं तुझी गरज नाही." मग ते तात्यांकडे वळले. "काय तात्या, जमेल ना हिच्याशिवाय?"

साहेबानं काहीही विचारलं तरी तात्यांनी आजवर मान डोलावलेली. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"न्हाई," ते म्हणाले.

माझाच कानांवर विश्वास बसेना.

"न्हाई जमायचं, साहेब. ह्या पोरीनं खरं सांगितलं म्हणून तुमचं चारशे पंप वाचलं. तिला घालवायची आसंल तर ह्यो मोबाईल बी ठेवून घ्या. मी आपला तोंडपाठ करतो धंदा."

मोबाईल टेबलावर ठेवून तात्या हाताची घडी घालून बसले. सरांनी मोबाईलकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या नकाशाकडे. 'सगळे शंभर टक्के वापरतायत' हा सकाळचा अहवाल जगभर जाऊन बसला होता. शेवटी त्यांनी ऑफिसातल्या संयोगिताला हाक मारली आणि माझं कायम नेमणुकीचं पत्र छापायला सांगितलं.

मी तिथंच, सगळ्यांदेखत, ढसाढसा रडले.