दुधापासून सायीपर्यंत

आजोबांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू निघाला आणि घरातल्या सगळ्यांची कंबख्ती भरली. त्यांना भिंती कळकट दिसू लागल्या, शर्टांवर डाग सापडू लागले, आणि आजीकडे बघून तर ते म्हणाले, "अगं, तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?"

"तुम्ही मोती निवडत होतात तेव्हा," आजी म्हणाली. "डोळ्यात पडदा होता तोवर मी तरुण होते. कशाला काढलात?"

भिंगरी पोट धरून हसली. भिंगरी म्हणजे त्यांची नात. ती एका जागी बसली तर घरचे तिच्या कपाळाला हात लावून ताप बघत, म्हणून हे नाव. आजोबा मोत्यांचे व्यापारी. फक्त त्यांच्या खिडकीपाशी, पांढऱ्या कापडावर मोती लोळवत, ती तासन्‌तास बसे. हिरा आल्या-गेल्याला हाका मारतो, आजोबा म्हणत, मोत्याचं पाणी मात्र शांत बसून बघावं लागतं. म्हणून तर मन थाऱ्यावर राहावं यासाठी लोक मोती घालतात. "तुला किलोभर लागतील," असंही ते लगेच जोडत.

डॉक्टरांनी कामाला बसायची परवानगी दिली, त्याच दिवशी संध्याकाळी त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक नर्सबाई येणार होत्या. लेकीच्या जन्मापासून दर वाढदिवसाला त्या आजोबांकडून एक मोती घ्यायच्या. आजोबा तो पहिल्या मोत्याशी रंग जुळवून निवडत आणि खाचांच्या लांब डबीत ओळीने सांभाळून ठेवत. आता लेक नोकरीसाठी परदेशी निघाली होती. यंदाचा मोती घालून, मधे सोन्याचे बारीक मणी घेऊन माळ ओवायची होती.

आजोबांनी डबी उघडली आणि त्यांचा चेहराच उतरला. सुरुवातीचे मोती दुधासारखे पांढरे होते. पुढे पुढे रंग दाटत गेला होता, आणि शेवटचे तर चक्क सायीसारखे पिवळसर. त्यांनी उजवा डोळा झाकून अजून पडदा असलेल्या डाव्याने बघितलं, तर सगळे सारखे. डावा झाकला, तर फरक ढळढळीत. वर्षागणिक त्यांची नजर पिवळी होत गेली होती, आणि तिच्याबरोबर मोतीही.

"रंग जुळत नाही, असं तू गेल्या वर्षी म्हणाली होतीस," ते भिंगरीकडे बघून पुटपुटले. "मी काय म्हटलं तुला?"

"कालचं पोर मला रंग शिकवतंय."

"हं." त्यांनी पाठीमागच्या कपाटातून पांढऱ्या मोत्यांची पुडी काढली. "पदरचे घालून बदलून टाकतो. नर्सबाईला कळायचंही नाही."

गेल्या वर्षी भिंगरी तेवढं ऐकून गप्प बसली होती. पण या वर्षी सबंध शाळेसमोर भाषण ठोकून आल्यापासून तिच्या जिभेला पाय फुटले होते.

"आजोबा, हे चांगले असतील, पण ते वाढदिवस यांचे नाहीत ना."

"आणि ती मला ठग म्हणाली तर? लोक माझ्या नजरेवर डोळे मिटून विश्वास टाकतात, पोरी. तेवढीच कमाई आहे माझी."

"मी शेजारी बसते. शिव्या अर्ध्या अर्ध्या वाटून घेऊ."

आजोबांनी पुडीची घडी पुन्हा नीट घातली. मग परत कपाटात ठेवली.

नर्सबाई आल्या, त्या अजून टेकल्याही नव्हत्या तोच आजोबांनी सगळं सांगून टाकलं. बाईंनी चष्मा लावला आणि मोत्यांवरून हळूच बोट फिरवलं.

"हा आठवा ना? तिला गोवर निघाला होता तेव्हा. मी रात्रपाळी करून तशीच इथे आले होते. तुम्ही आधी चहा पाजलात, मग मोती दाखवलात." त्यांनी चष्मा काढला. "काका, यातला एक जरी बदललात तर मी तुमच्याशी बोलणार नाही. तेवढ्या वर्षांत माझे केस काळ्याचे पांढरे झाले. मोत्यांनी उलटं केलं, एवढंच. आहेत तसेच ओवा. लेकीला सांगेन, आपल्याबरोबर आणखी कोण म्हातारं होत होतं ते."

आजोबांनी नाक शिंकरलं. "डोळ्यात औषध घातलंय," ते म्हणाले.

"घालून दोन तास झाले," आजी आतून म्हणाली.

यंदाचा मोती राहिला होता. आजोबांनी सुट्या मोत्यांची सगळी पेटी भिंगरीपुढे सरकवली. ती पेटी घेऊन खिडकीशी बसली. एकेक मोती कापडावर लोळवला, पहिल्या मोत्याशेजारी ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. आणि तेव्हा तिला कळलं की इतक्या संध्याकाळी आजोबांनी आपल्याला काय काय देऊन ठेवलंय.

"हा," ती म्हणाली.

आजोबांनी तो घेतला. उजेडाकडे धरला नाही, कुठला डोळाही झाकला नाही. सुईत रेशीम ओवलं आणि माळेचा पहिला दुधी मोती उचलून कामाला लागले.

"बघणार नाही?" नर्सबाईंनी विचारलं.

"तिनं बघितलाय," ते म्हणाले. "तुम्ही चहा घ्या, वेळ लागेल."