तळ्याचं पानी

मित्रांनो, मी एक वही आहे. जुनी झाले आहे, पण वापरलेली नाही. जुन्या वस्तू आपल्या झिजण्याच्या गोष्टी मोठ्या तोऱ्यात सांगतात. माझ्याकडे मिरवण्यासारखं तसलं काही नाही. माझ्या पानांवर कुणी शाई सांडली नाही की कुणी माझा कोपरा दुमडला नाही. मला प्रेमाने हाताळलं ते एकाच माणसाने, आणि तेही मला घडवताना.

त्यांचं नाव जयराम. वसईच्या पूर्वेला चांदीप गावात त्यांचं घर. थोडी भातशेती होती, पण घर चालायचं ते सातिवलीच्या एका बाइंडिंग कारखान्यातल्या नोकरीवर. तिथे ते डायऱ्या आणि हजेरीबुकं बांधायचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या बांधल्या, घरी मात्र एक नाही आणली. मग एका उन्हाळ्यात घरातली पहिलीच सहल ठरली. मे महिन्यात माथेरानला जायचं. बायको मीराने पिशव्या भरायला घेतल्या आणि जयरामनी ठरवलं, की आपल्या दोन्ही पोरांना सहलीच्या आठवणी ठेवायला एकेक वही करून द्यायची.

मालकाला विचारून त्यांनी कापून उरलेला कागद घरी आणला. जाडसर, किंचित पिवळट, पण चांगला कागद. पडवीत फतकल मारून बसायचे, पानं दुमडून त्यांचे जुज, म्हणजे छोटे गठ्ठे, करायचे, दाभणाने भोकं पाडायचे आणि मेण लावलेल्या दोऱ्याने एक जुज दुसऱ्याला शिवायचे. आम्ही दोघी जुळ्या. एक रोशनीची. ती तेव्हा शाळेत शुद्धलेखनात पहिली यायची आणि ते कुणाला विसरू द्यायची नाही. दुसरी मी, धाकट्या हितेशची. हितेश नुकता अक्षरं गिरवायला लागला होता. त्याला कुठलंही पुस्तक मिळालं की आधी जीभ बाहेर, मग बोट जिभेवर, मग पान उलटायचं. मीरा त्याच्या हातावर चापट मारून थकली होती.

शिवून झाल्यावर जयरामनी प्रत्येक पानावर चौकट आखली आणि तिच्याखाली आपल्या ढोबळ अक्षरात लिहिलं. 'इथे गाडीचं तिकीट.' 'इथे लाल माती.' 'इथे घोडा आनि हितेश.' आणि शेवटून दुसऱ्या पानावर, 'इथे तळ्याचं पानी.'

रोशनी आपली वही बघायला आली आणि खो खो हसत सुटली.

"पप्पा, पानी नाही, पाणी. आणि पाणी कसं चिकटवणार वहीत?"

"चिकटवायचा कशाला? थेंब टाकायचा," जयराम म्हणाले. "सुकला का डाग पडतो. डाग म्हंजेच पानी."

"पण ण बाणातला."

"तुझ्या शाळंत आसंल बानातला. आमच्या घरात पानीच."

रोशनीने लाल पेन आणलं आणि स्वतःच्या वहीत बापाच्या 'न'वर काट मारून वर ठसठशीत 'ण' लिहिला. माझ्याकडेही वळली होती, पण जयरामनी मला उचलून मांडीखाली घातलं. "ही हितेशची हाय. त्याला ठरवू दे," ते हसून म्हणाले. मित्रांनो, त्या मांडीची ऊब मला अजून आठवते. एवढीच ऊब माझ्या वाट्याला आली.

आता राहिले होते पुठ्ठे चिकटवायचे आणि आम्हाला दाबात ठेवायचं. ते कारखान्यातच होणार होतं. जाताना जयरामनी मीराकडून मैद्याची खळ शिजवून घेतली आणि जेवणाच्या डब्यातून नेली. शेजारच्या टेबलावर काशीराम बसायचे. बरोबरीचे, जुने सोबती. डब्यातली पांढरी खळ बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"घरची खळ? नि यात मोरचूद कुठाय? आपली निळी खळ पडलीय ना एवढी."

"नको. पोर थुकी लावून पान उलटतो. मोरचूद पोटात गेला म्हंजे?"

"अरे, मोरचुदाशिवाय कसर लागंल. वर्सा-दोन वर्सात चाळन होईल वहीची."

"होऊ दे. पोराला काय नाय झाला पायजे. वही काय, दुसरी करीन."

मोरचूद हे विषच असतं. ते खळीत घातलं की कागद खाणारी कसर वहीच्या वाटेला जात नाही. सगळ्या हजेरीबुकांना ते मिळालं, आम्हाला नाही. मला त्याचा राग नाही. पुठ्ठा दाबताना त्यांचा खळीने माखलेला अंगठा माझ्या पहिल्या पानावर उमटला. ते पुसायला गेले, मग राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्हाला दाबातून काढून त्यांनी पाठीवरच्या बॅगेत घातलं. सातिवलीतून मोटारसायकल हमरस्त्याला लागली. पुढचं मी पाहिलं नाही, फक्त ऐकलं. मागून आलेला कंटेनर थांबला नाही. आम्ही बॅगेत होतो म्हणून आमचा पुठ्ठासुद्धा वाकला नाही. इतकं वाईट नशीब एखाद्या वस्तूचं नसावं, की बांधणारा गेला आणि आपण नव्याकोऱ्या घरी आलो. हॉस्पिटलमधून त्यांच्या कपड्यांबरोबर काशीरामनी आम्हाला मीराच्या हातात दिलं.

माथेरान राहिलंच. भरलेल्या पिशव्या तशाच रिकाम्या झाल्या.

रोशनीने तिची वही उशाशी ठेवली. रोज ते एकच पान उघडायची. एके दुपारी तिने खोडरबर घेतलं आणि आपला तो लाल 'ण' खोडायला बसली. शाई जाईना. तिने रबर थुंकीत भिजवलं, घासलं, आणखी घासलं. कागद फाटला. बापाचा अख्खा शब्दच गेला. ती मोठ्याने रडली नाही, भोकाकडे नुसती बघत बसली. त्यानंतर मीराने आम्हा दोघींना पत्र्याच्या पेटीत घातलं आणि पेटी माळ्यावर ढकलून दिली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सातिवलीच्या गोदामात ती पॅकिंगला जाऊ लागली. तिला जगायचं होतं.

माळ्यावर ओल यायची. काशीराम म्हणाले होते तसंच झालं, कसर आली. खळीचा वास तिला बरोबर लागतो. सगळ्यात आधी तिने तो अंगठा खाल्ला. जिथे ठसा होता तिथे अंगठ्याएवढं भोक पडलं. मग ती कण्याकडे वळली. माझी जुळी माझ्याआधी संपली, पेटीत तिचा भुगा माझ्यावर पडत राहिला. खाली हितेश मोठा होत होता. बापाचा आवाज त्याला आठवत नव्हता, चेहरा भिंतीवरच्या फोटोपुरता ठाऊक होता. त्याच्यासाठी बापाने हाताने लिहिलेलं असं घरात एकच काही होतं, ते म्हणजे मी. आणि मी पानापानाने कमी होत होते. मला फक्त एवढंच वाटायचं, की त्या शेवटून दुसऱ्या पानापर्यंत कसर पोचायच्या आत त्याने मला उघडावं.

यंदा गणपतीआधी घराला रंग काढायचा ठरला म्हणून माळा रिकामा केला. पेटी हितेशनेच उतरवली. मिसरूड फुटलेला, कॉलेजात जाणारा पोरगा. त्याने मला झटकलं, पडवीत उन्हात बसला आणि उघडलं. पहिली पानं चाळणच होती. 'गाडीचं तिकीट' अर्धं गेलं होतं. घोडा गेला होता, नुसता हितेश उरला होता.

"ताई, पप्पांचं अक्षर ना हे?"

रोशनी जवळ आली, पण बसली नाही.

हितेशची जीभ बाहेर आली. त्याने बोट जिभेवर टेकवलं आणि पान उलटलं.

दारात उभ्या मीराच्या तोंडून निघून गेलं, "आजून थुकी लावतो." मग ती तिथेच उंबऱ्यावर बसली. "म्हनून तं त्यांनी मोरचूद घालू दिला नाय. मी बोलली होती, वही टिकनार नाय. तं म्हने, पोर टिकू दे."

हितेशचं बोट हवेतच राहिलं. मग त्याने पुढचं पान वाचलं.

"इथे तळ्याचं पानी," तो म्हणाला. "न नळातला लिहिलाय."

"राहू दे," रोशनी म्हणाली. "त्याला हात लावू नकोस. बरोबर आहे ते."

मित्रांनो, कुणी हाताने केलेली वस्तू तुमच्या घरात पेटीबंद असेल, तर ती दुखते म्हणून बंद ठेवू नका. जी वही उघडली जाते, जिला ऊन लागतं, तिच्यात कसर राहत नाही. बंद ठेवलेली मात्र खाल्ली जाते, आणि वरून कुणाला कळतही नाही.

माझी आता थोडीच पानं उरली आहेत. पण त्या दिवशी हितेशने ओलं बोट त्या रिकाम्या चौकटीवर टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही. उन्हात ती ओल सुकली. तळ्याचं पानी नव्हतं ते, पण डाग पडला.