ओले पाय

प्रयोगशाळेच्या उंदीरघरात मी पिंजरे साफ करते, मला सगळे मावशी म्हणतात. डॉक्टरसुद्धा, आणि माझी पोटची लेकसुद्धा. तो नियम माझाच. ती वरच्या मजल्यावर संशोधनाला आली त्याच दिवशी बजावलं होतं, "इथे मी मावशी आणि तू मॅडम. उगाच वशिल्याची चर्चा नको."

तिचं औषध मस्कॅरिनिक जातीचं, म्हणजे नसांवर काम करणारं. हा शब्द जिभेवर बसायला मला महिना लागला. ते टोचलं की उंदरांना दुखणं जास्त जाणवतं, असं तिचं म्हणणं. गरम पट्टीवर ठेवलेला उंदीर पाय किती सेकंदांत उचलतो ते मोजायचं आणि उचलला की लगेच त्याला काढायचं. दोन वर्षं हेच चाललं होतं. तिच्या पीएच.डी.च्या पदवीचा निकाल सोमवारी समितीपुढे लागणार होता.

शुक्रवारी पिंजरे बदलताना माझं लक्ष गेलं. औषधवाल्या उंदरांच्या हनुवटीखालचा भुसा चिंब होता. लाळ गळून पुढचे पायही ओले. तुलनेसाठी नुसतं मिठाचं पाणी टोचलेले मात्र कोरडे ठणठणीत.

"मॅडम, ओल्या फडक्याने गरम पातेलं धरलं तर चटका आधी लागतो," मी म्हटलं. "यांचे पाय पुसता का तुम्ही?"

ती भडकली. "मावशी, या औषधाने लाळ सुटतेच! सगळ्यांना माहीत आहे." मग पिंजऱ्यात वाकून पाहिलं. थोड्या वेळाने तिने कापूस मागितला.

दोन दिवस मी पाय पुसत होते, ती घड्याळ धरत होती. औषधवाले आणि मिठाच्या पाण्याचे उंदीर आता सारख्याच वेळात पाय उचलत होते, फरक पार नाहीसा झाला. मेली ही जीभ, तोंड शिवून बसले असते तर काय बिघडलं असतं?

सोमवारी पिंजरा दाखवायला तिने मला समितीसमोर नेलं. जुने आकडे आणि नवे आकडे शेजारी शेजारी ठेवून म्हणाली, "माझा निष्कर्ष चुकला होता."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "पदवी वर्षभर लांबेल. कल्पना आहे ना?"

"आहे."

"चूक पकडली कोणी?"

मी मागून डोळ्यांनी खुणावत होते, मावशी म्हण, मावशी.

"माझ्या आईने," ती म्हणाली, आणि उठून स्वतःची खुर्ची मला दिली.

ती त्या दिवशी डॉक्टर झाली असती तरी मला एवढा अभिमान वाटला नसता. पिंजरा मांडीवर घेऊन मी ताठ बसले.