कोठीतली गुलाबी मूठ

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभी आहे ती मी, मित्रांनो. पत्र्याची जुनी धान्यकोठी. वर झाकण, खाली धान्य काढायचं छोटं तोंड. उंदीर-किड्यांपासून धान्य वाचावं म्हणून सरकारने सवलतीत कोठ्या दिल्या, तेव्हा नत्थुजींनी मला नांदगाव खंडेश्वरहून बैलगाडीत घालून गावी आणलं. शेजारपाजारच्या बाया हात लावून पाहून गेल्या.

या घरची एक रीत होती. पेरणीचं बी माझ्यातूनच निघायचं आणि पेरून उरलेली मूठ नत्थुजींची बायको गोदाबाई माझ्यातच परत टाकायची. कोठीतून गेलेलं कोठीत यावं, एवढंच तिचं म्हणणं.

पुढे शेतात सोयाबीन आलं आणि ज्वारी गेली. बारा वर्षं माझ्या पोटात फाटक्या गोधड्या आणि एक फुटका कंदील होता. मी बुडाशी गंजले. कोणी पाहिलं नाही.

गेल्या वर्षी कृषी विभागाने गावात ज्वारीच्या बियाण्याच्या पिशव्या वाटल्या. ताटातलं आपल्याच शिवारात पिकावं, असा विचार. नत्थुजींची सून रागिणी हिने हट्टाने एकरभर पेरायला लावलं. तिची मुलगी आचल तीन वर्षांची, वजनाला कमी. अंगणवाडीतल्या तक्त्यावरचा तिचा ठिपका रागिणी महिन्यातून दोनदा पाहून यायची. दिवाळीनंतर मला घासून, उन्हात ठेवून काठोकाठ भरलं. घरची भाकर आचल मागून खाऊ लागली.

यंदा पुन्हा पिशवी आली. पेरणी झाली, मूठभर बी उरलं. गोदाबाईने माझं झाकण उघडलं आणि रीतीप्रमाणे ते आत टाकलं. ते बी गुलाबी होतं.

कोठीत वर टाकलेलं वरच राहत नाही, मित्रांनो. खालून धान्य काढलं की मधलं आधी सरकत येतं. दुसऱ्याच सकाळी रागिणीने सूप भरलं. निवडलेली ज्वारीही ती पुन्हा निवडते. गल्लीतल्या बाया त्यावरून तिला हसतात. आचल शेजारी बसून दाण्यांनी मूठ भरत होती. रागिणीने ती मूठ धरली, उघडली. आत दोन दाणे गुलाबी.

"आई, हे कोठून आले?"

"मीच टाकले. उरलेलं बी होतं. काहून?"

"त्याले किडीची दवाई लावलेली हाये, आई. पिशवीवर लिहिलं होतं."

गोदाबाईला वाचता येत नाही. गुलाबी तेवढे वेचून टाकू, असं ती म्हणाली. रागिणीने पोरीचं तोंड उघडून पाहिलं, हात साबणाने धुतले आणि कृषी सहायक धर्मेंद्रला फोन लावला. दवाईची भुकटी सगळ्याच धान्याला लागते, असं तो म्हणाला. पोरीला आधी डॉक्टरला दाखवा. धान्य ढोरांना नको, कोंबड्यांनाही नको. विहिरीपासून लांब पुरून टाका.

माझ्यात निम्मं धान्य होतं. नवं पीक यायला चार महिने होते.

"पिकवलेलं अन्न मातीत घालू?" गोदाबाई म्हणाली. रागिणी पोरीला कडेवर घेऊन दवाखान्यात गेली.

डॉक्टरांनी आचलला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. काही झालं नव्हतं. मायलेकी घरी आल्या तेव्हा मी रिकामी होते. नत्थुजींनी शेताच्या बांधावर, धुऱ्याकडे, खड्डा खणला होता आणि गोदाबाईने एकटीने, टोपल्या भरभरून, मला उपसलं होतं. तिच्या लुगड्याला अजून माती होती. "तुही पोरगी आधी," एवढंच ती सुनेला म्हणाली.

मला दोनदा धुतलं, वाळवलं. पेरून उरणाऱ्या बियाण्याला आता गोठ्यात, उंच खुंटीला, वेगळी पिशवी आहे. त्याच आठवड्यात रेशनची ज्वारी आली. गोदाबाईने तिची एक मूठ आचलच्या हाती दिली आणि पोरीला माझ्यापाशी उचललं. रागिणीने आधी ती मूठ उघडून पाहिली, मग मिटू दिली. रिकाम्या पत्र्यावर दाणे वाजले.

म्हणून एकच मागते, मित्रांनो. माझ्यात काही टाकण्याआधी मूठ उघडून पाहा. मला तोंडं दोन आहेत, पण आलेलं थुंकून टाकता येत नाही.