चेंडू न पाहिलेली दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. माझ्या डाव्या नळीत ओल शिरली आहे, पट्टा दोनदा बदलून झालाय आणि चामड्याच्या पेटीची कडी कधीच तुटली. माझी चाळीस वर्षं फुटबॉलच्या मैदानांवर गेली. पण खरं सांगू का? चेंडू मी फारसा पाहिलाच नाही. हसू नका, आधी ऐका तर खरं.

माझा जन्म जपानमधल्या एका लहानशा कारखान्यात झाला. एका अबोल माणसाने माझी भिंगं आठवडाभर घासली, उजेडासमोर धरून धरून पाहिली आणि शेवटी मान डोलावली. मला मिळालेली ती पहिली शाबासकी. मग बोटीने मी ऑस्ट्रेलियात आले आणि व्हिक्टोरियाच्या गव्हाच्या मुलखात एका फुटबॉल क्लबच्या सोडतीत बक्षीस म्हणून जाऊन बसले. पहिलं बक्षीस होतं मटणाचे तुकडे आणि सॉसेजेस यांनी भरलेलं मोठं ताट. दुसरं बक्षीस मी.

क्लॅरी ट्रेगेन्झाच्या नावावर मी निघाले. त्याचं तोंड इतकं उतरलं की विचारू नका!

"नशीबच फुटकं माझं! आठवडाभराचं जेवण गेलं आणि हे काचेचं लचांड आलं," तो म्हणाला.

"गप बस आणि अडकव गळ्यात," त्याची बायको डल्सी म्हणाली. "तेवढीच मान ताठ राहील तुझी."

सुरुवातीची वर्षं मी मेंढ्या मोजल्या आणि उन्हाळ्यात कुठे वणव्याचा धूर दिसतोय का ते पाहिलं. आमच्याकडचा फुटबॉल वेगळा: लांबोडका चेंडू हाताने झेलायचा, पायाने मारायचा, मुठीने टोलवायचा. क्लॅरी स्वतः चांगला खेळाडू होता, पण गुडघा गेला आणि खेळ सुटला. मग विभागाच्या निवड समितीने त्याला पारखी नेमलं. गावोगावच्या मैदानांवर जायचं, सोळा-सतरा वर्षांची मुलं-मुली बघायची आणि प्रत्येकाचं एक कार्ड भरायचं. कार्डाच्या पुढच्या बाजूला जमेच्या गोष्टी, मागच्या बाजूला कच्चे दुवे, आणि सगळ्यात खाली एकच शब्द: 'घ्या' किंवा 'नको'. विभागाच्या संघात गेलं की पुढे मेलबर्नच्या मोठ्या क्लबांचं लक्ष जातं. त्या एका शब्दासाठी मुलं वर्षभर घाम गाळत.

क्लॅरीची पारख करण्याची तऱ्हा न्यारी होती. "चेंडू काय, सगळेच बघतात," तो म्हणायचा. "चेंडू लांब असताना माणूस काय करतो, ते बघायचं." आणि तो मला एकाच खेळाडूवर रोखून बसायचा. सगळं मैदान ओरडतंय, मधल्या दोन खांबांतून चेंडू जाऊन गोल झाला म्हणून गाड्यांचे हॉर्न वाजतायत, आणि मी बघतेय काय, तर कुणीतरी मोजे वर ओढतोय! पण मित्रांनो, त्यातूनच मला माणसं कळली. पडलेल्याला हात कोण देतं, चूक झाल्यावर दुसऱ्याकडे बोट कोण दाखवतं, दमल्यावरही उलटं पळत कोण येतं. एक जाडजूड मुलगा होता, सगळे त्याला हसायचे. पण चेंडू हातून निसटला की हा गडी दर वेळी सगळ्यांच्या आधी मागे धावायचा. क्लॅरीने 'घ्या' लिहिलं. चार वर्षांनी त्या मुलाचा फोटो वर्तमानपत्रात आला. समितीत म्हणे आधी हेच विचारायचे, "क्लॅरीचं कार्ड आलं का?" मला किती अभिमान वाटायचा!

त्याचा दुसरा नियम म्हणजे गाडीतून उतरायचं नाही. आमच्याकडे मैदानाभोवती कुंपणाला नाक लावून गाड्या उभ्या करतात आणि आत बसूनच सामना बघतात. बाकीचे खिडकी उघडी ठेवतात, क्लॅरी मात्र काच घट्ट वर. त्याला कारण होतं. एका आईने त्याला आल्याचा केक खिलवून खिलवून तिच्या मुलाला 'घ्या' लिहायला लावलं होतं. "केक फर्मास होता," क्लॅरी सांगायचा, "पोरगं अगदीच पुचाट निघालं." तेव्हापासून कुणाचं कौतुक कानावर पडू द्यायचं नाही, अशी त्याने शपथच घेतली.

मला तेव्हा हा नियम फार शहाणपणाचा वाटायचा.

मग एका हिवाळ्यात वॉराबिनच्या मैदानावर मला कीली झँकर दिसली. सतरा वर्षांची, सडसडीत, कोपरांना सदा खरचटलेलं. काय सांगू तिच्याबद्दल! तो लांबोडका लाल चेंडू ओला असो, चिखलाने माखलेला असो, तिच्या पंजात आला की गोगलगायीसारखा चिकटायचा. डाव्या पायाने मारला काय आणि उजव्या पायाने मारला काय, चेंडू थेट जोडीदारणीच्या छातीवर. पुढच्या मुलीच्या खांद्यावर गुडघा टेकवून ती असा झेल घ्यायची की माझ्या नळ्यांना घाम फुटायचा. आणि चेंडू लांब असताना? दुसरीला मोकळी जागा मिळावी म्हणून ती रिकामीच चाळीस-चाळीस मीटर धावायची. तिचं ते धावणं कुणी बघत नव्हतं. मी बघत होते. क्लॅरीची पेन्सिल कार्डाची पुढची बाजू भरून खाली ओघळली.

पण मग त्याने कार्ड उलटलं. डावीकडून कुणी येऊन कवेत धरलं की कीली हमखास पडायची, जणू तिला पत्ताच नसायचा. पंचाची शिट्टी झाली तरी कधी कधी दोन पावलं पुढे जायची. सारखी मान फिरवायची, इकडे बघ, तिकडे बघ. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मधल्या विश्रांतीत कोच जीव तोडून बोलत असायची आणि ही तिच्या शेजारी उभी राहून भलतीकडेच बघायची. दोन सामन्यांत दोनदा मी हे क्लॅरीला दाखवलं. त्याने लिहिलं, 'लक्ष नाही. शिकवलेलं ऐकत नाही. मग्रूर.' मग्रुरीला त्याच्याकडे माफीच नव्हती. त्याने खाली 'नको' लिहिलं.

मित्रांनो, मी दाखवलं ते खोटं नव्हतं. पण ते अर्धंच होतं, हे मलाही कुठे ठाऊक होतं?

कार्ड रविवारी संध्याकाळी समितीकडे जायचं होतं. कीलीला पुढच्या महिन्यात अठरा वर्षं पूर्ण होणार होती, म्हणजे पुन्हा वयात बसायची नाही. शनिवारी आम्ही तिचा शेवटचा सामना बघायला गेलो. गव्हाच्या कोठारांवरून असा बोचरा वारा येत होता की मॅगपाय पक्षीसुद्धा कुंपणाखाली दडून बसले होते. डल्सीने खिमा भरलेले गरम पॅटिस आणि थर्मासमधला चहा काढला. बंद गाडीत त्या वाफा कोंडल्या. आधी समोरची काच पांढरी झाली, मग खिडक्या, आणि मग मी. डाव्या नळीतली ओल अशी पसरली की मला नुसतं दूध दिसायला लागलं.

क्लॅरीने मला बाहीने पुसलं, रुमालाने पुसलं, शर्टाच्या टोकाने पुसलं. छे!

"खिडकी उघड की," डल्सी म्हणाली.

"उघडली की येतील केक घेऊन."

"सत्तरीला टेकलास, कोण देतंय तुला केक?"

एवढ्यात चारपैकी तिसरं सत्र संपल्याचा भोंगा झाला. त्याला नेमकं हेच बघायचं होतं, की कोच बोलताना पोरगी आजही तोंड फिरवते का. तिसऱ्यांदा खात्री झाली की कार्ड पाकिटात घालायला तो मोकळा. त्याने मला डोळ्यांना लावलं. दूध. पुन्हा लावलं. दूधच.

"घाल खड्ड्यात हिला!" तो ओरडला आणि दार उघडून लंगडत खाली उतरला.

मला किती लाज वाटली म्हणून सांगू! इतक्या वर्षांची चाकरी आणि ऐन वेळी मी आंधळी.

आमच्याकडे विश्रांतीत गावातले लोक सरळ मैदानात जातात आणि खेळाडूंच्या घोळक्याभोवती उभे राहून कोचचं बोलणं ऐकतात. आजोबा, आज्या, कुत्री, सगळी. क्लॅरी पारखी झाल्यापासून असा कधी गेला नव्हता. त्या दिवशी तो त्यांच्यामागून गेला आणि त्याच्या गळ्यात लोंबकळत मीही गेले. इतक्या जवळून बघायला मी लागत नाही. क्लॅरीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

मुली धापा टाकत आल्या आणि कोचभोवती दाटीवाटीने उभ्या राहिल्या. पण कोचच्या डाव्या हाताला एका माणसापुरती जागा मोकळी राहिली. कुणी कुणाला 'सरक' म्हटलं नाही, कुणी हात धरून मागे ओढलं नाही. ती जागा आपोआप राहिली. कीली सगळ्यांच्या शेवटी आली आणि थेट त्या जागेत शिरली. खांद्याला खांदा लावून, उजवा कान कोचच्या तोंडाशी. नजर लांब कुठेतरी, आणि कोचच्या प्रत्येक वाक्याला मान हलत होती.

क्लॅरीच्या शेजारी ग्वेंडा उभी होती. ती क्लबच्या मुलींना संत्र्याच्या फोडी वाटायची.

"ही पोरगी तिथेच का उभी राहिली?" क्लॅरीने विचारलं.

"कोण, कीली? मग कुठे उभी राहणार? डाव्या कानाने ठार बहिरी आहे ती. चार वर्षांची असताना ताप आला होता, तेव्हापासून."

"पण मला कुणी बोललं कसं नाही?"

"अरे बाबा, अख्ख्या गावाला ठाऊक आहे ते. ज्याला त्याला काय सांगत बसायचं? आणि तू गाडीतून उतरलास तरी कधी? आम्ही तर पैज लावली होती, ट्रेगेन्झाला पाय आहेत की नाहीत!"

क्लॅरीच्या छातीची धडधड मला माझ्या दोन्ही नळ्यांत जाणवत होती.

शेवटचं सत्र त्याने कुंपणाला टेकून पाहिलं. थोड्या वेळाने डल्सी चहा घेऊन आली, तर हा डाव्या कानावर तळहात दाबून उभा.

"कान दुखतोय का रे?"

"नाही. बघतोय, कसं वाटतं ते."

आता त्याला मैदान ऐकू येत होतं. मुली एकमेकींना ओरडून सावध करतात, "मागे आहे! वळ!" म्हणून. कीलीला डावीकडची ती हाक पोचत नव्हती. एकदा डावीकडून आलेल्या धिप्पाड मुलीने तिला असं आडवं केलं की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. ती उठली, तोंडातला चिखल थुंकली आणि पुन्हा मान फिरवत पळाली. ते मान फिरवणं! जे बाकीच्यांना कानाने कळतं, ते ती डोळ्यांनी गोळा करत होती. म्हणूनच तर तिला इतरांच्या आधी दिसायचं. शेवटच्या मिनिटाला चेंडू तिच्याकडे येण्याआधीच तिने मागे पाहिलं होतं, आणि चेंडू हातात येताच न बघता मुठीने डावीकडे मागे टोलवला. तिथे जोडीदारीण मोकळी होती. गोल! सगळ्या गाड्यांनी हॉर्न वाजवले. आमच्या गाडीत कुणीच नव्हतं, तर डल्सी धावत जाऊन वाजवून आली.

वॉराबिन तरीही तीन गुणांनी हरलं.

सामना संपल्यावर क्लॅरी कीलीकडे गेला. आधी डावीकडून बोलायला लागला, मग थबकला आणि वळसा घालून उजवीकडे गेला.

"पोरी, मी तुझ्याबद्दल चुकीचं लिहिलं होतं."

"काय लिहिलं होतं?"

"मग्रूर."

ती हसली. "ते थोडंसं बरोबर आहे." मग तिचा चेहरा उतरला. "कानाचं कळलं ना तुम्हाला? प्लीज लिहू नका. गेल्या वर्षी दुसऱ्या एका पारख्याने लिहिलं होतं. समितीने पुढचं वाचलंच नाही."

मित्रांनो, क्लॅरीने आयुष्यात कधी कार्डावर काही लपवलं नव्हतं.

"लिहिणार तर मी आहेच," तो म्हणाला. "पण कुठे लिहायचं, ते माझं मी ठरवीन."

घरी जाऊन त्याने नवं कार्ड घेतलं. पुढच्या बाजूला पहिलीच ओळ लिहिली: 'डावा कान बंद आहे. म्हणून सतत बघते. म्हणून सगळ्यांच्या आधी बघते.' मागच्या बाजूला लिहिलं: 'डावीकडून आलेली मुलगी उशिरा कळते. तिच्या डावीकडे हाताने खुणा करणारी जोडीदारीण द्या. कोचने तिला डाव्या हाताला उभं करावं.' खाली 'घ्या' लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. चाळीस वर्षांत त्याने एकसुद्धा रेघ मारली नव्हती.

त्यानंतर माझे दिवस संपले. आता मैदानावर कॅमेरे लागले, पारखी घरबसल्या पडद्यावर सामने बघतात. क्लॅरीचा गुडघाही फारच कुरकुरायला लागला. मी कपाटावर, फुलदाणीच्या मागे जाऊन पडले. धूळ बसली. कोळ्याने माझ्या उजव्या डोळ्यावर जाळं विणलं. दोन वर्षं मला कुणी हात लावला नाही. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? डोळ्यांसमोर राहून राहून ते पांढरं दूध यायचं, आणि वाटायचं की शेवटी आपण कामाला आलो नाही, म्हणूनच इथे पडलोय.

मग एके दिवशी दुपारी डल्सीने टीव्ही लावला आणि ओरडली, "क्लॅरी, ये लवकर!"

मेलबर्नचं मोठं मैदान होतं. मुलींचा सामना होता, हजारो माणसं होती. विश्रांती झाली आणि मुली कोचभोवती गोळा झाल्या. कपाटावरून, जाळ्याआडूनही मला सगळं दिसत होतं. शहरातल्या कोऱ्या कपड्यांतल्या, नावाजलेल्या मुली. आणि कोचच्या डाव्या हाताला एका माणसापुरती जागा मोकळी होती. कुणी कुणाला 'सरक' म्हटलं नाही.

कीली सगळ्यांच्या शेवटी आली आणि त्या जागेत जाऊन उभी राहिली.

क्लॅरी रडला. अगदी हुंदके देऊन रडला. मग उठला, मला खाली काढलं आणि कोळ्याचं जाळं फुंकून टाकलं.

"हिला त्या दिवशी दिसलं असतं ना," तो डल्सीला म्हणाला, "तर ही पोरगी आज तिथे नसती."

तेव्हापासून मी खिडकीत असते. डल्सी दर रविवारी मला मऊ कापडाने पुसते.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाची जुनी दुर्बीण पडली असेल, तर तिला कपाटावर टाकू नका. धूळ पुसा, ओलीपासून जपा, लांबचं हवं ते बघा. फक्त माझी एक विनंती आहे. कुणाबद्दल शेवटचा शब्द लिहायची वेळ आली, की तिला गळ्यात अडकवा, गाडीतून उतरा आणि चालत त्याच्याजवळ जा.