उसना शब्द

लोलक हे काही त्याचं खरं नाव नव्हे. घंटेच्या पोटात लोंबतो तो लोलक, एकदा या अंगाला जातो, एकदा त्या. मुलगाही तसाच, एक दिवस आबांच्या भट्टीवर तर दुसऱ्या दिवशी नानांच्या बैठकीत. म्हणून भट्टीवरच्या कारागिरांनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. फरक एवढाच, की खरा लोलक दोन्हीकडे आपटून आवाज तरी करतो. हा दोन्हीकडे नुसती मान डोलवायचा.

आबा म्हणजे वडिलांचे वडील, हाडाचे ओतारी. घंटा ओतणं हा त्यांचा धंदाही आणि धर्मही. माणसाची हाक वर पोचायला घंटाच लागते, असं ते मानत. नाना म्हणजे आईचे वडील, चष्म्याच्या काचा घासून देणारे. त्यांच्या मंडळींचं म्हणणं अगदी उलट. देव बहिरा नाही, आपणच बडबडे आहोत. एका पांढऱ्या, रिकाम्या खोलीत ही मंडळी बाकांवर तासभर बसत आणि कोणी अवाक्षर काढत नसे. आबा त्यांना 'मुके' म्हणत, आणि नाना आबांना काहीच म्हणत नसत, जे आबांना जास्त झोंबे.

मुलाच्या आईवडिलांनी एकमेकांशी लग्न केलं, तेव्हापासून या दोन म्हाताऱ्यांमधून विस्तव जात नव्हता. आबांकडे विस्तवाला काय तोटा, पण नाही तो नाहीच. शेवटी लग्न टिकावं म्हणून एक ठराव झाला. मूल दोन्हीकडे जाईल, पंधरावं संपलं की स्वतः एक घर निवडेल, तोवर त्याला कोणी ओढायचं नाही. आणि खरंच कोणी ओढलं नाही. सगळे नुसते बघत राहिले. बघण्यानं माणूस किती ओढला जातो, हे त्या पोराला विचारा.

दोन्हीकडची रीत ठरलेली होती. भट्टीवर नवी घंटा साच्यातून निघाली, घासली, टांगली, की तिला पहिला टोला ज्याला द्यायला मिळेल तो ओतारी झाला. बैठकीत जो पहिल्यांदा उभा राहून बोलेल तो कायमचा बैठकीतला झाला. मात्र तिथं एक कडक नियम होता. ऐकलेलं बोलायचं नाही, वाचलेलं बोलायचं नाही. आतून आलं तरच उठायचं, नाहीतर जन्मभर बसून राहिलात तरी चालेल. एकदा उठलेल्या माणसानं घंटेला हात लावायचा नाही, आणि टोला दिलेल्याला बाकावर जागा नाही. थोडक्यात, इकडे आड तिकडे विहीर.

मुलाच्या आतून काही येत नव्हतं. तो बाकावर बसून भिंतीवरच्या पोपड्याकडे बघायचा, समोरच्या शिंपीणबाईच्या नाकाची शिट्टी ऐकायचा आणि भूक किती लागली आहे ते मोजायचा. त्याहून वाईट म्हणजे त्याची मामेबहीण, त्याच्यापेक्षा दीड वर्षानं लहान, एके दिवशी ताडकन उठली. "मला अंधाराची नाही, उजेडाची भीती वाटते," एवढं म्हणाली आणि बसली. सगळ्या खोलीनं श्वास सोडला. नानांनी तिच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मुलाला हवी होती. इतकी हवी होती, की त्याला त्या पोरीचा रागच आला.

त्याच आठवड्यात भट्टीवर मोठ्या घंटेचा साचा वाळत होता. मुलाचं पंधरावं संपत आलं होतं, आणि या घंटेला पहिला टोला त्यानं द्यावा असं आबांच्या मनात होतं. साचा वाळताना घाई चालत नाही, नुसतं बसायचं असतं. आबा आणि तो भिंतीला टेकून बसले होते. अंगणात आजी राख चाळत होती. भट्टीतून निघालेली राख चाळायची आणि सांडलेल्या धातूचे थेंब वेचून डब्यात टाकायचे, हे आजीचं काम, लग्न होऊन आल्यापासूनचं. चाळता चाळता ती नेहमीसारखं स्वतःशीच बोलली, "थोरल्याचे बूट कुठे गेले कोण जाणे."

थोरला म्हणजे मुलाचा काका, आठव्या वर्षी तापानं गेलेला. घरात त्याचा फोटोही नव्हता. होता तो हा एक प्रश्न, वर्षातून चारपाच वेळा विचारला जाणारा, आणि त्याला घरात कोणी उत्तर देत नसे.

आजी डबा घेऊन आत गेली, तेव्हा आबा खालच्या आवाजात म्हणाले, "मी जाळले."

मुलगा भिंतीचा टेका सोडून सरळ बसला.

"तो गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी. दाराशी ठेवलेले असायचे. बघवत नव्हते मला. भट्टी विझत आली होती, त्यात टाकले. ही शोधायला लागली तेव्हा म्हटलं, मला माहीत नाही. एकदा म्हटलं, आणि मग पहिली काही वर्षं रोज म्हणावं लागलं. आता चाळीस वर्षांनी काय तोंडानं सांगू?" आबांनी साच्यावर हाताची उलटी बाजू टेकवून ओल पाहिली. "तुला का सांगितलं कोण जाणे. बोलू नकोस कुठे."

"नाही बोलणार," मुलगा म्हणाला. म्हणताना तो खरंच खरं बोलत होता.

दुसऱ्या दिवशी बैठक होती. मामेबहीण समोरच्या बाकावर, डोळे मिटून, जन्मापासून संत असल्यासारखी. नाना शेजारी, आई मागच्या बाकावर. पोपडा होता तिथंच. आणि मुलाला कळायच्या आत तो उभा होता.

"एका माणसाचं मूल गेलं," तो म्हणाला. "त्याचे बूट दाराशी राहिले. बघवेनात म्हणून त्यानं ते विस्तवात टाकले. घरातली शोधत राहिली. तो म्हणाला, मला माहीत नाही. अजून ती शोधते आहे, आणि अजून त्याला माहीत नाही."

तो बसला. शिंपीणबाई रडत होती. नानांनी त्याचा हात हातात घेतला आणि तास संपेपर्यंत सोडला नाही. तो हात कोरडा आणि हलका होता, आणि त्याची लाज मुलाला आधी बोटांना वाटली, मग सगळ्या अंगाला. आयत्या बिळावर नागोबा व्हायला फार काही लागत नाही, हे त्याला त्या दिवशी समजलं. फक्त बीळ कोणाचं आहे ते विसरावं लागतं, आणि तो विसरू शकत नव्हता.

घरी जाताना आईनं विचारलं, "कुठून आलं रे ते?"

"आतून."

आई भरभर चालायला लागली, आणि मुलगा मागे पडला.

आता सरळ मार्ग हा होता, की आबांना जाऊन सांगायचं, मी बैठकीत उठलो, टोला मला द्यायला सांगू नका. पण मग आबा विचारणार, काय बोललास? म्हणून तो मूग गिळून बसला. त्यानं मनाशी ठरवलं, की टोलाही देऊन टाकू. दोन्ही म्हातारे एकमेकांचं तोंड बघत नाहीत, आई त्या दिवसापासून बैठकीचं नाव काढत नाही, कोण कोणाला सांगणार? चोराला शहाणपण सुचतं ते असं.

टोल्याच्या दिवशी सकाळी घंटा लाकडी घोडीवर टांगलेली होती. वडील दोर तपासत होते. कारागीर हातपाय धुऊन, भांग पाडून उभे होते. आजी पाण्याची कळशी घेऊन आली. आबांनी हातोडा फडक्यानं पुसला आणि मुलाकडे धरला. तेवढ्यात दारात नाना आले.

सोळा वर्षांत ज्यांनी या अंगणात पाय ठेवला नव्हता ते नाना. इस्त्रीचा सदरा, डोळ्यांवर स्वतःच घासलेल्या काचा. कारागिरांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मला आत येता येईल का?" नाना म्हणाले.

"दार उघडंच आहे," आबा म्हणाले. "मौन सुटलं वाटतं."

"सुटलं. तुम्हाला एक सांगायचं आहे, आणि ते मागून कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं." नाना मुलाकडे बघून हसले. त्या हसण्यात एवढा अभिमान होता, की मुलाला धावत जाऊन त्यांचं तोंड दाबावंसं वाटलं. "हा आमच्यात उभा राहिला. त्यानं निवड केली. मी जिंकलो म्हणून नाही आलो. हा जे बोलला ते ऐकून मला वाटलं, असं बोलणारं मूल एका घरात वाढत नाही. त्यात तुमचाही हात आहे. म्हणून आलो."

आबांचा हातोडा अर्ध्यावरच राहिला. "काय बोलला?"

आणि नानांनी सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे न करता. बैठकीतली माणसं ऐकतात ती अशी. मूल, दार, बूट, विस्तव, मला माहीत नाही.

आबांचा चेहरा राखेसारखा झाला. ते मुलाकडे बघत नव्हते, आजीकडेही बघत नव्हते. ते घंटेकडे बघत होते. मुलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबांनी एक थोबाडीत दिली असती तर त्यानं तिचे उपकार मानले असते.

आजीनं कळशी खाली ठेवली. हात पदराला पुसले.

"बक्कल राहिलं होतं," ती म्हणाली.

आबांनी मान वर केली.

"कातडं जळालं. बक्कल कसं जळेल? विझत्या भट्टीत पितळ वितळत नाही, हे ओताऱ्याला मी सांगायचं? तुम्हीच ओतली होती ती दोन बक्कलं, त्याच्यासाठी. आणि राख कोण चाळतं या घरात?" तिचा आवाज चढला नाही. "चौथ्या दिवशी सापडली मला. माझ्याजवळ आहेत."

"मग विचारत का राहिलीस?" आबांनी विचारलं.

"तुम्ही सांगाल म्हणून. दर वेळी वाटायचं, आज सांगतील. चाळीस वर्षं मला एवढंच तुमच्या तोंडून ऐकायचं होतं." मग ती मुलाकडे वळली. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं. "ते आता याच्या तोंडचं झालं."

मुलाला काही सांगायचं होतं, आणि या वेळी ते खरोखरच त्याचं स्वतःचं होतं.

"नाना," तो म्हणाला, "ते माझं नव्हतं. आतून नव्हतं आलं. आबांनी मला एकट्याला सांगितलं होतं आणि कुठे बोलू नको म्हणाले होते. तुम्ही माझ्याकडे बघावं असं मला वाटत होतं. म्हणून मी ते चोरलं."

नानांनी चष्मा काढला. काचा स्वच्छच होत्या, तरी पुसत राहिले.

वडिलांनी कारागिरांना खुणेनं बाहेर काढलं आणि स्वतःही गेले. घंटा तशीच लटकत राहिली. आजी भिंतीशेजारच्या फळीवर बसली आणि हातानं शेजारची जागा झाडली.

"सांगा," ती आबांना म्हणाली.

"यानं सांगितलंच की सगळं."

"याच्याकडून नको. तुमच्याकडून. पहिल्यापासून."

आबांनी हातोडा जमिनीवर ठेवला. मुलाला वाटलं, आता आबा काहीतरी बोलतील त्याला, काहीही. आबा म्हणाले, "जाताना दार ओढून घे." आणि त्याला लोलकसुद्धा म्हणाले नाहीत.

बाहेर दाराशी नाना उभे होते. मुलगा त्यांच्यापासून हातभर लांब उभा राहिला. जवळ जायचा त्याला हक्क वाटेना.

"मी परवा बैठकीत येईन," तो म्हणाला. "उभा राहून सगळ्यांना सांगेन."

"ये."

"लोक काय म्हणतील?"

"आमच्यात कोणी काही म्हणत नाही," नाना म्हणाले. "तेच तर सोसायला कठीण असतं."

आतून आबांचा आवाज आला, घोगरा, अडखळणारा. "तो गेला, त्याच्या तिसऱ्या दिवशी..." आणि थांबला. मग आजीचं शांत "हं" ऐकू आलं. आबा पुन्हा सुरू करणार, तोच मुलानं दोन्ही कानांत बोटं घातली, दुखेपर्यंत दाबून धरली, आणि आतलं बोलणं संपेपर्यंत ती काढली नाहीत.