कासार आळीतला ओटा

मित्रांनो, मी जुन्नरमधली एक म्हातारी आळी आहे. माझी हकिगत ऐकायला कुणी थांबेल असे मला वाटत नाही. तरी सांगून बघते.

कासारांनी माझ्या दोन्ही अंगांना बांगड्यांची दुकाने मांडली, म्हणून लोक मला कासार आळी म्हणू लागले. त्यासाठी कुणी सभा घेतली नव्हती. पुढे मात्र नावे देणाऱ्यांची रीघ लागली. एका गोऱ्या साहेबाचे नाव लागले. तो माझ्यावरून एकदाच गेला, तोही नाकाला रुमाल लावून. मग एका पुढाऱ्याचे लागले. त्याचा पक्ष पडला, तशी पाटीही पडली. दर वेळी नारळ फुटला आणि करवंट्या माझ्याच गटारात गेल्या. ते गटार उपसायला मात्र नारळ फोडणारा एकही हात खाली वाकला नाही. अशा माणसांचा आदर करणे मला जमत नाही. कदाचित माझाच स्वभाव वाईट असेल.

यंदा मंडळाचे अध्यक्ष गोरखशेठ आले. त्यांना आपल्या वडिलांच्या नावाची कमान हवी होती. वडिलांचे सारे आयुष्य पिंपळवंडीच्या मळ्यात गेले. माझ्याशी त्यांचा संबंध बाजारापुरता. कमानीच्या एका खांबाला ठमाबाई कासारणीचा ओटा आड आला. त्या ओट्यावर बसूनच ती बांगड्या भरते. तिला दुसरे दुकान नाही.

"मावशी, बसा की पलीकडं कुठंबी," गोरखशेठ म्हणाले.

"पलीकडं गटार हाय, राव. आधी तुमी बसून दाखवा."

लोक हसले. ओटा फुटायचा तो फुटलाच, आणि त्याच्या जागी विटांचा खांब उभा राहिला.

उद्घाटनाच्या सकाळी गोरखशेठांच्या पत्नी मंगलताई हिरव्या बांगड्या भरायला आल्या. शुभकार्याआधी हात भरायचे, आणि एकच हात भरून उठायचे नाही, ही त्यांच्या घरची रीत. ठमाबाईने भर रस्त्यात गोणपाट अंथरले, उजवा हात भरला आणि पेटी मिटली.

"आन् डावा?" मंगलताईंनी विचारले.

"डावा वट्यावर भरीन, बाई. कुठंय माझा वटा?"

मंगलताईंनी खांबाकडे पाहिले, मग नवऱ्याकडे पाहिले, आणि त्या तिथेच मांडी घालून बसल्या. वाजंत्री थांबली. पाहुण्यांची गाडी माझ्या तोंडाशी अडली.

"अगं ऊठ, पावणं आलं!"

"मामंजींच्या नावाची कमान, आन् सून एका हातानं उठू व्हय? आधी मावशीचा वटा बांधा."

गोरखशेठांनी बरीच आदळआपट केली. शेवटी गवंडी कुशाबाने खांब उतरवला आणि त्याच विटांचा ओटा रचला. कमान एका खांबावर उभी राहत नाही, एवढे ज्ञान अध्यक्षांना त्या दिवशी झाले. पाहुणे गाडीतूनच माघारी गेले.

मित्रांनो, तुमच्या आळीला थोर नाव द्यायची हौस आली, तर आधी तिथे कोण बसते ते बघा, मग हातात खराटा घ्या. एवढे होत नसेल, तर निदान माझ्यावरून मुकाट्याने चालत जा. ठमाबाई नव्या ओट्यावर चढून बसली आणि मंगलताईंचा डावा हात धरून म्हणाली, "आता सैल सोड, बाई. लई आवळून धरलायस."